रोमन विचारवंतांचे वाचन आचरणात कसे आणावे

रोमन विचारवंत आज बहुतेक वाचकांना भेटतात ते एकेका ओळीच्या वचनांमधून. वेळेविषयी सेनेकाचे, सकाळी उठण्याविषयी सम्राट मार्कस ऑरेलियसचे, मैत्रीविषयी वक्ता आणि राजकारणी सिसेरोचे अशी वाक्ये चित्रांवर छापून मोबाइलवर फिरत असतात. ती वाचून क्षणभर बरे वाटते आणि दुपारपर्यंत ती विसरूनही जातात. शिकण्याच्या या पद्धतीला स्वतः सेनेकाचाच विरोध होता. त्याचा मित्र लुसिलियस याने, सेनेकाने पूर्वीप्रमाणे प्रत्येक पत्रात थोरांचे एखादे निवडक वचन पाठवावे अशी इच्छा दाखवली, तेव्हा ३३ व्या पत्रात सेनेकाने ती मागणी नाकारली. मुलांनी सुभाषिते पाठ करावीत हे योग्यच आहे, परंतु प्रौढ माणसाने टिपणवहीत पाहून शहाणपण सांगावे हे लाजिरवाणे आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले आणि पुढे विचारले की झेनो (सद्गुणालाच खरे हित मानणाऱ्या, सेनेकाच्या स्टोइक पंथाचा संस्थापक) असे म्हणाला हे ठीक, पण तू काय म्हणतोस? रोमन लेखकांकडून सद्गुण, विद्या आणि मनुष्यस्वभाव यांविषयी काही शिकायचे असेल, तर या प्रश्नाला रोज उत्तर देण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती कशी लावावी, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात कोठून करावी

सेनेकाने लुसिलियसला लिहिलेल्या पत्रांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सेनेका मूळचा स्पेनमधील कोर्दोबा शहरचा. इ.स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले, ४९ मध्ये परत बोलावून लहानग्या नीरोचे शिक्षण त्याच्याकडे सोपवण्यात आले, आणि ५४ मध्ये नीरो सम्राट झाल्यावर काही वर्षे साम्राज्याच्या कारभारात सेनेका आणि सेनाधिकारी बुरस यांचाच शब्द चालत असे. इ.स. ६२ च्या सुमारास दरबारातून अंग काढून घेतल्यानंतर त्याने ही पत्रे लिहिली आणि ६५ मध्ये कटात सामील असल्याच्या आरोपावरून नीरोच्या आज्ञेने त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला. म्हणजे ही पत्रे सत्ता, संपत्ती आणि भय ही तिन्ही अगदी जवळून पाहिलेल्या वृद्धाने, आपल्या हाती थोडा काळ उरला आहे याची जाणीव ठेवून लिहिलेली आहेत. त्यांपैकी १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिली पत्रे लहान आणि सोपी आहेत, पुढची हळूहळू लांब आणि अवघड होत जातात. त्यामुळे तत्त्वज्ञानाची काहीही पूर्वतयारी नसलेल्या वाचकालाही त्यांच्याबरोबर पुढे जाता येते.

पुष्कळ जण मार्कस ऑरेलियसच्या चिंतनांपासून आरंभ करतात. तो ग्रंथ अतिशय मोलाचा आहे, परंतु सम्राटाने ती टिपणे ग्रीक भाषेत केवळ स्वतःसाठी लिहिली होती, आणि जे स्टोइक सिद्धान्त त्याला लहानपणापासून पाठ होते ते तो तेथे समजावून सांगत बसत नाही. सेनेका मात्र दुसऱ्याला शिकवण्यासाठी लिहितो, शंका स्वतःच उपस्थित करतो आणि त्यांना उत्तरे देतो. म्हणून आधी सेनेका, मग मार्कस हा क्रम ठेवावा. इंग्रजी वाचता येत असेल तर रिचर्ड गमेर यांचा १९१७ ते १९२५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेला अनुवाद इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. त्याची इंग्रजी थोडी जुनी वाटली तरी ती अडचणीची नाही.

दिवसाला एकच पत्र वाचावे. पहिली तीस पत्रे क्रमाने वाचावीत आणि त्यानंतर वाटल्यास निवड करावी. गुलामांविषयीचे ४७ वे, गोंगाटाविषयीचे ५६ वे, वाचन-लेखनाविषयीचे ८४ वे आणि विद्यांविषयीचे ८८ वे ही पत्रे कोणत्याही निवडीत असलीच पाहिजेत. दोन-तीन लेखक एकाच वेळी हाताशी घेण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या पत्रात सेनेका सांगतो की जो सगळीकडे असतो तो कोठेच नसतो, आणि ज्यांचे आयुष्य प्रवासात जाते त्यांना यजमान पुष्कळ मिळतात पण मित्र मिळत नाहीत. आपण रोज काय करतो हेही त्याने तेथेच लिहिले आहे: पुष्कळ वाचावे, पण त्यातून त्या दिवशी पचवण्यासाठी एकच विचार वेगळा काढावा. त्या दिवशी त्याने स्वतः निवडलेला विचार एपिक्युरसचा, म्हणजे प्रतिस्पर्धी पंथाच्या संस्थापकाचा होता. आपण शत्रूच्या छावणीत फितूर म्हणून नव्हे तर हेर म्हणून जातो, असे तो त्यावर म्हणतो. विरोधी पक्षातले चांगले ते घेण्याची ही वृत्ती वाचकानेही पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी.

वहीत काय लिहावे

निवडलेला विचार केवळ उतरवून ठेवल्यास पुन्हा सुभाषितांचीच वही तयार होते. ८४ व्या पत्रात सेनेका मधमाश्यांचा दाखला देतो: अनेक फुलांतून गोळा केलेल्या रसाचा शेवटी एकच, वेगळ्या चवीचा मध व्हायला हवा, तसे वाचलेले सर्व आपल्या बुद्धीने पचवून त्याचे काही नवे झाले पाहिजे. नुसते वाचन मनाची शक्ती सैल करते आणि नुसते लेखन ती संपवते, म्हणून दोन्ही आळीपाळीने करावे, असेही त्याने तेथे सांगितले आहे. यासाठी वहीत प्रत्येक विचाराखाली काही ओळी लिहाव्यात. लेखक हे कोणत्या प्रसंगी, कशाच्या विरोधात म्हणत आहे, हे आधी आपल्या शब्दांत मांडावे. मग ते आपल्या माहितीतील एखाद्या खऱ्या घटनेला लावून पाहावे, आणि शेवटी आपले मत लिहावे, मग ते लेखकाच्या विरुद्ध असले तरी चालेल.

एक उदाहरण घेतो. ८८ व्या पत्रात सेनेका भूमापन शिकवणाऱ्याबद्दल म्हणतो की तो मला जमिनीची मोजणी शिकवतो, पण माणसाला किती पुरेसे आहे याचे माप शिकवत नाही. लहानशा शेताचे तुकडे करण्याची विद्या येऊन काय उपयोग, जर ते शेत भावाबरोबर वाटून घेता येत नसेल? या वाक्यामागचा प्रसंग असा की व्याकरण, संगीत, भूमिती, खगोल या प्रतिष्ठित विद्यांनी माणूस आपोआप चांगला होतो, हा समज त्याला खोडून काढायचा होता. महाराष्ट्रातील खेड्यांत वाढलेल्या वाचकाला याचे उदाहरण शोधत फिरावे लागणार नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि हद्दीच्या खुणा सर्व काही बिनचूक असतानाही दोन सख्खे भाऊ बांधाच्या हातभर जागेवरून वर्षानुवर्षे कोर्टात जातात, हे आपण पाहत आलो आहोत. येथपर्यंत सेनेका खरा ठरतो. तरीही माझे उत्तर त्याच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. मोजणी चुकीची असेल तर मनाने उदार असलेल्या भावालाही न्याय्य वाटणी करता येत नाही, आणि दुबळ्या भावाला, बहिणीला किंवा विधवा भावजयीला तिचा वाटा मिळवून देणारी शेवटी ती मोजणीच असते. विद्येने सद्गुण येत नाही हे मान्य करूनही, सद्गुणाला विद्येवाचून हात नसतात असे मी वहीत लिहीन. वाचकाचे उत्तर यापेक्षा निराळे असू शकेल. ते लिहिले जाणे महत्त्वाचे आहे, कारण ३३ व्या पत्राच्या शेवटी सेनेका स्वतःच म्हणतो की सत्य सर्वांसाठी खुले आहे, त्यावर अजून कोणी कबजा केलेला नाही, आणि पुढे येणाऱ्यांसाठीही त्यातले पुष्कळ शिल्लक आहे.

रात्रीची तपासणी

या सर्व अभ्यासाचा गाभा माझ्या मते रात्रीच्या तपासणीत आहे आणि त्यासाठी सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते. रागाविषयी सेनेकाने तीन भागांचा ग्रंथ आपल्या भावासाठी, नोव्हाटससाठी लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात सेक्स्टियस या रोमन तत्त्ववेत्त्याची एक सवय सांगितली आहे. दिवस संपून झोपण्याची वेळ झाली की सेक्स्टियस आपल्या मनाला विचारी: आज तू आपला कोणता दोष बरा केलास? कोणत्या दुर्गुणाला विरोध केलास? कोणत्या बाबतीत तू अधिक चांगला झालास? सेनेकाने ही सवय स्वतः उचलली. दिवा नेला गेला आणि आपली ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की मी माझा सबंध दिवस तपासतो, बोललेले आणि केलेले सर्व पुन्हा मोजून पाहतो, स्वतःपासून काहीही लपवत नाही, असे तो लिहितो.

त्याने पुढे दिलेली उदाहरणे आवर्जून वाचावीत, कारण ती आश्चर्य वाटावे इतकी किरकोळ आहेत. त्या वादात तू जरा जास्तच भांडखोरपणे बोललास. ज्यांना कधी शिकायचेच नाही त्यांच्याशी पुन्हा वाद घालू नकोस. अमक्याला तू गरजेपेक्षा अधिक स्पष्टपणे सुनावलेस, त्यामुळे तो सुधारला नाही, दुखावला मात्र गेला. मेजवानीत तुला कमी मानाच्या जागी बसवले म्हणून तू यजमानावर, आमंत्रण देणाऱ्यावर आणि तुझ्या वरच्या जागी बसलेल्या माणसावरही रागावलास. पुढे साम्राज्याचा कारभार हाकणारा माणूस रात्री अंधारात पंगतीतल्या जागेचा हिशेब मांडत होता, कारण माणसाचा स्वभाव अशाच लहान प्रसंगांत घडतो आणि दिसतो. आपणही तपासणीसाठी असेच प्रसंग घ्यावेत: कार्यालयात कनिष्ठाशी बोलताना चढलेला आवाज, लग्नात मानपानावरून धरलेला अबोला, मुलाच्या गुणपत्रिकेवर इतरांदेखत काढलेले उद्गार. आयुष्याचे मोठे प्रश्न त्या वेळी काढू नयेत. त्यांनी झोप उडते आणि निष्पन्न काही होत नाही.

प्रसंग काय होता, मी काय केले आणि पुन्हा तसे घडल्यास काय करीन, एवढे तिन्ही मनाशी स्पष्ट झाले की थांबावे. तपासणीचा सूर कसा असावा हे सेनेकाने एका वाक्यात सांगून ठेवले आहे: हे पुन्हा करू नकोस, या वेळी मी तुला क्षमा करतो. ज्यांना स्वतःला बोल लावत राहण्याची सवय आहे, त्यांनी या वाक्याचा उत्तरार्ध विसरू नये. तपासणी करताना मन रोज अधिकाधिक खचत असल्याचे जाणवले तर ती काही काळ बंद ठेवून फक्त सेक्स्टियसचा तिसरा प्रश्न, म्हणजे आज मी कशात चांगला झालो, एवढाच विचारावा.

एका वेळी एकच दोष हाती धरावा. रागापासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण त्यावरचा उपाय रोमनांनी फार नेमका सांगितला आहे. रागावर सर्वांत मोठा उपाय म्हणजे विलंब, असे सेनेका म्हणतो, आणि त्याने त्यासाठी प्लेटोची गोष्ट दिली आहे. गुलामाला मारण्यासाठी उगारलेला हात, आपण रागावलो आहोत हे लक्षात येताच, प्लेटोने तसाच हवेत रोखून धरला; काय चालले आहे असे मित्राने विचारल्यावर तो म्हणाला की एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करतो आहे. ॲथेनोडोरस या तत्त्वज्ञाने सम्राट ऑगस्टसचा निरोप घेताना त्याला सल्ला दिला होता की राग आल्यावर वर्णमालेची २४ अक्षरे मनात म्हणून झाल्याखेरीज काही बोलू किंवा करू नये, अशी आठवण ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवली आहे. आजच्या काळात हा विलंब विशेषतः लिहिलेल्या उत्तरांना लावावा: रागात लिहिलेला संदेश लगेच पाठवू नये, तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचावा.

१८ व्या पत्रातील दारिद्र्याचा सरावही पुष्कळांना आकर्षक वाटतो. तीन-चार दिवस अत्यंत साधे अन्न खावे, जाडेभरडे वस्त्र नेसावे आणि आपण ज्याला भीत होतो ते हेच का, असे मनाला विचारावे, असा तो आहे. तो अवश्य करावा, परंतु ज्यांच्या घरी ओढाताण खरीच आहे त्यांना त्याची गरज नाही, आणि ज्यांना मधुमेहासारखा आजार आहे त्यांनी खाण्यापिण्याचा भाग सोडून द्यावा.

कोणाला समोर ठेवावे

११ व्या पत्रात सेनेका एपिक्युरसचाच एक सल्ला उचलतो: एखादा सज्जन माणूस निवडावा, तो सदैव आपल्याकडे पाहत आहे अशा रीतीने जगावे. कॅटो फार कठोर वाटत असेल तर सौम्य स्वभावाचा लेलियस निवड (दोघेही जुने रोमन राजकारणी), असे तो लुसिलियसला सुचवतो. येथे मात्र मला मार्कस ऑरेलियसची रीत अधिक उपयोगाची वाटते. त्याच्या चिंतनांचा सगळा पहिला भाग म्हणजे त्याला घडवणाऱ्या माणसांच्या ऋणांची यादी आहे. आजोबांकडून शांत स्वभाव, आईकडून दानशीलता आणि श्रीमंतीतही साधी राहणी, लहानपणी सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून रथशर्यतीत हिरव्या किंवा निळ्या पक्षाची बाजू न घेणे, रुस्टिकसकडून वरवर न वाचता बारकाईने वाचणे आणि एपिक्टेटसच्या व्याख्यानांची टिपणे मिळाली, असे तो एकेकाचे नाव घेऊन लिहितो. एपिक्टेटस हा स्टोइक शिक्षक जन्माने गुलाम होता, आणि त्याचे विचार वाचायला दिले म्हणून रोमचा सम्राट आपल्या शिक्षकाचे आभार मानतो, हे मला त्या साऱ्या ग्रंथातील सर्वांत हृद्य स्थळ वाटते.

अशी यादी प्रत्येकाने एकदा तरी लिहावी. तिचा नियम एवढाच की थोर, प्रेमळ, आदर्श असे मोघम शब्द वापरू नयेत. आजी प्रेमळ होती असे न लिहिता, दारी आलेल्याचे बोलणे ती मध्येच तोडत नसे असे लिहावे, म्हणजे ते आपल्यालाही करून पाहता येते. ज्या माणसांशी आपले पटले नाही त्यांच्याकडूनही काय घेतले, ते याच यादीत यावे.

घरात लहान मुले असतील किंवा आपण शिकवण्याचे काम करत असाल, तर इ.स. ९५ च्या सुमारास लिहिलेल्या क्विंटिलियनच्या वक्तृत्वशिक्षणावरील ग्रंथाचे पहिले दोन भाग वाचावेत. त्या काळी शाळांत छडी सर्रास चालत असताना त्याने मुलांना मारण्यास ठाम विरोध केला, शिक्षकाने विद्यार्थ्यांविषयी आईबापाचे मन धारण करावे असे सांगितले, आणि कोणाला स्तुतीने, कोणाला चुरशीने जोर येतो हे आधी ओळखण्याचा आग्रह धरला.

काय स्वीकारू नये

४७ व्या पत्रात सेनेका गुलामांना माणसे, सोबती, साधे मित्र म्हणतो आणि वरिष्ठाने तुझ्याशी जसे वागावे असे तुला वाटते तसा तू कनिष्ठाशी वाग, असे सांगतो. पण गुलामगिरी बंद करा असे तो कोठेही म्हणत नाही. त्याच्याकडे ३० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) इतकी संपत्ती असल्याचा आरोप त्याच्या हयातीतच झाला. इ.स. ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईला ठार करवले, तेव्हा सेनेटला पाठवलेले समर्थनाचे पत्र सेनेकाने रचल्याबद्दल लोकांनी त्याला दोष दिला, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. हे वाचकाने झाकून ठेवू नये आणि त्यामुळे पत्रे टाकूनही देऊ नयेत. सेनेकाने आपल्या टीकाकारांना दिलेले उत्तर असे होते की मी ज्ञानी नाही, सर्वोत्तमांच्या बरोबरीचाही नाही. रोज माझ्या दोषांतून थोडे कमी व्हावे एवढेच मला पुरे आहे. हे उत्तर त्याला निर्दोष ठरवत नाही. माझ्या दृष्टीने त्याचा उपयोग असा की पत्रे वाचताना ती पोहोचलेल्या माणसाचा उपदेश म्हणून न वाचता, त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या सोबत्याचे बोलणे म्हणून वाचावीत. २७ व्या पत्रात सेनेकानेही, आपण दोघे एकाच रुग्णालयात पडलो आहोत असे समजून मी तुझ्याशी बोलतो, असे म्हटले आहे.

पत्रे संपली आणि रात्रीची तपासणी अंगवळणी पडली की सिसेरोच्या कर्तव्यांवरील ग्रंथाकडे वळावे. इ.स.पू. ४४ मध्ये, स्वतःच्या हत्येच्या साधारण वर्षभर आधी, त्याने तो अथेन्समध्ये शिकणाऱ्या मुलासाठी लिहिला. त्याचा तिसरा भाग एकट्याने वाचण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून वाचावा, कारण त्यात व्यवहारातले खरेखुरे पेच आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य अतिशय महाग झाले आहे, आणि एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचला आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून मिळेल त्या भावाने माल विकावा? बॅबिलोनचा डायोजेनीस विक्रेत्याची बाजू घेतो: कायद्याने जेवढे सांगणे बंधनकारक आहे तेवढे सांगावे आणि बाकी खोटे न बोलता विकावे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की गिऱ्हाइकापासून काहीच लपवू नये. अभ्यासगटात अर्ध्यांनी एकाची आणि अर्ध्यांनी दुसऱ्याची बाजू मांडावी, मग बाजू बदलाव्यात, आणि जुने घर, वापरलेली गाडी किंवा शेतमाल विकताना आपण स्वतः काय सांगितले आणि काय सांगितले नाही ते प्रत्येकाने बोलून दाखवावे. सिसेरोने दिलेला निकाल त्यानंतरच उघडून वाचावा.